बटणांचा प्रश्न

९ जानेवारी, बुधवार

सात नंबरच्या खुर्चीत आज नवीन पेशंट. शिंपी आहेत. बसल्या बसल्या पहिलं काय केलं, तर माझ्या गणवेशाच्या बाहीकडे बघून म्हणाले, "सिस्टर, ही बाही ज्याने बसवली त्याला जरा माझ्याकडे पाठवून द्या!" आतड्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, आज पहिला केमो, आणि यांना माझ्या बाहीची काळजी!

शीर सापडेना. तीनदा टोचलं. "आमच्याकडे गिऱ्हाइकाला एक टाचणी लागली तरी ते पुन्हा पायरी चढत नाही," म्हणाले. मेलं, हसूही आलं आणि लाजही वाटली.

दर तीन आठवड्यांनी एक, असे आठ डोस. नेहमीचं सगळं समजावलं. गार पाण्यात हात घालायचा नाही. फ्रिजमधलं काही उघड्या हाताने उचलायचं नाही. बोटांना मुंग्या आल्या, बधिर वाटली, तर लगेच सांगायचं — वेळेवर कळलं तर डॉक्टर औषध कमी करतात, बोटं वाचतात. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. एवढा वेळ चाललेली बडबड तिथे थांबली. मग हळूच विचारलं, "आणि औषध कमी केलं, तर आजाराचं काय?"

"ते डॉक्टरीणबाई बघतात," म्हटलं. हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते.

३० जानेवारी, बुधवार

शिंपीकाकांचा दुसरा डोस. बाटली लावण्याआधी आमचा फॉर्म भरायचा असतो — ताप, उलट्या, तोंड आलंय का, आणि शेवटी बटणांचा प्रश्न. "मुंग्या येतात का?" विचारलं की सगळे "थोड्या" म्हणतात. थोड्या म्हणजे किती? म्हणून आम्ही विचारतो, शर्टाची बटणं आपली आपण लावता येतात का? त्यावरून बोटांचा बरोबर अंदाज येतो.

शिंप्याला हे विचारताना मलाच हसू फुटलं. काका म्हणाले, "अहो, मी डोळे मिटून काजं करतो!" आणि खरंच डोळे मिटून वरचं बटण काढून पुन्हा लावून दाखवलं. सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "पुरे झाला तमाशा." पण त्यांचाही चेहरा खुलला होता.

२ फेब्रुवारी, शनिवार

नवरा म्हणतो, "घरी तरी माणसांना नंबराने बोलावू नकोस." जेवताना मी त्याला 'चार नंबर' म्हटलं म्हणे! असेल.

२० फेब्रुवारी, बुधवार

आठही खुर्च्या भरलेल्या. पाय सुजलेत. आज काही लिहिण्यासारखं नाही.

१३ मार्च, बुधवार

चौथा डोस. काका पार वाळलेत. जिभेला चवच नाही म्हणतात. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. बोलणं मात्र तसंच!

शेजारच्या सहा नंबरच्या बाई शिक्षिका आहेत. आज उशीवर मूठभर केस निघाले म्हणून रडत होत्या. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला — आणखी काय करणार? काका पलीकडून त्यांच्या डोक्याकडे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "साडेबावीस इंच." बाई रडायच्या थांबल्या. "काय साडेबावीस?" "डोक्याचा घेर. टोपी शिवून आणतो. मऊ कापडाची, आतून शिवण न टोचणारी." काकूंनी का कोण जाणे, मान खाली घातली.

३ एप्रिल, बुधवार

काकांनी टोपी आणली! निळी, मऊ. बाईंना अगदी बेतशीर बसली. घालून त्यांनी दोनदा आरसा मागितला. कडेची शिवण मात्र किंचित वाकडी गेलीये. मी बघितलं हे काकांनी बघितलं. "कारागिराने शिवलीय," म्हणाले. "माप माझं."

पाचवा डोस नीट गेला. फॉर्म भरला.

२४ एप्रिल, बुधवार

आजचं लिहायलाच हवं.

काकांचा सहावा डोस. बाटली लावायच्या आधीच म्हणाले, छातीत धडधडतंय. मी ईसीजीचं मशीन ओढलं, शर्ट उघडायला वरच्या बटणाला हात घातला, आणि — टच्, टच्, टच्! सगळा शर्ट एका झटक्यात उघडला. वरून बटणं नुसती शोभेची टाकलेली. आतून सगळी टिचबटणं!

काका माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. काकूंचा बांध फुटला. "सहा आठवडे झाले. सगळ्या शर्टांना मीच लावून दिली. त्यांना सुई धरता येत नाही हो! परवा बोटात सुई घुसली, कापडाला रक्त लागलं, ते बघून कळलं त्यांना. मला शपथ घातली होती, इथे बोलायचं नाही म्हणून."

ईसीजी ठीक आला. धडधड भीतीने होत होती. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाटली परत पाठवली.

मी दर वेळी फॉर्मवर 'हो' लिहिलं. पहिल्यांदा विचारलं तेवढंच — पुढे विचारलंच नाही. शिंप्याला काय बटणं विचारायची, असं धरून चालले. गर्दीत खूण केली आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. चूक माझी आहे.

२५ एप्रिल, गुरुवार

काका-काकूंना डॉक्टरीणबाईंनी बसवून समजावलं. ते औषध आता पूर्ण बंद. उरलेले डोस दुसऱ्या औषधाचे. बोटं? काही महिन्यांत सुधारतील, थोडी सुधारतील, किंवा नाहीच. "दोन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर एवढं झालं नसतं," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

मग बाईंनी विचारलं, "सिस्टर तुम्हाला विचारत नव्हत्या का?" मी दाराशी उभी. काका म्हणाले, "दर वेळी विचारायच्या. मीच खोटं बोललो. त्यांना बोल लावू नका."

माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बाहेर आल्यावर काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे सापडलं. नाहीतर यांनी आठही घेतले असते." मी हात सोडवून घेतले आणि खुर्च्यांकडे परतले.

२९ एप्रिल, सोमवार

मेट्रनबाईंनी सगळ्यांची मीटिंग घेतली. नवीन नियम — बटणांबद्दल नुसतं विचारायचं नाही, समोर लावून दाखवायला सांगायचं. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "नजर अशी हवी!" टाळ्या वाजल्या. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला. मी दोन खाल्ली. लाज कशी वाटली नाही मला!

दुपारी काका रक्त तपासायला आले. नियम म्हणून मी साध्या बटणांचा शर्ट पुढे केला. काकांनी नाही म्हटलं नाही. बटण दोनदा निसटलं, मग काजाच्या भलत्याच बाजूला गेलं. कपाळावर घाम. काकूंचा हात पुढे येई आणि मागे जाई. चार-पाच मिनिटांनी एक लागलं. एक! तेही बोटांना कळलं नाही, लागलं की नाही ते डोळ्यांनी बघून ठरवलं.

"दुकान कारागिराला चालवायला दिलंय," म्हणाले. "माप अजून मीच घेतो. टेप ही धरते, आकडा मी वाचतो." आणि हसले. मी औषधांच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले.

नवरा विचारतो, काय झालंय. डोकं दुखतंय म्हटलं.

२ मे, गुरुवार

मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून आले. चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलंय. इथेही लिहून टाकते, कारण इथेही मी खोटंच लिहिलं होतं. तिसऱ्या डोसाला मी काकांना विचारलं होतं. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. काका म्हणाले, "पेरं बधिर झालीत, सिस्टर. सुई गळते हातातून. पण लिहू नका. औषध कमी केलं आणि दुखणं उलटलं, तर हिला कोण आहे?"

मी फॉर्म पुढे ओढला, बटणांच्या प्रश्नाशी आले. मी 'हो' लिहिलं.