चिखलात रुतलेला बाबांचा ट्रक

आदरणीय वन्सं,

आधी तुमच्या गुडघ्याला नमस्कार, मग तुम्हाला. जिना चढताना तो बोलतो असं तुम्ही मागे लिहिलं होतं. अजून बोलतो की आता गप्प बसलाय? तुमच्या ह्यांचा खोकला गेला असेल, धाकटीचे पेपर बरे गेले असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचे बंधुराजही खुशाल आहेत, फक्त गेले दोन महिने ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने जेवताहेत, कारण जेवणाच्या टेबलावर बाबांची फौज उतरली आहे.

घाबरू नका. बाबांनी मॉडेल करायला घेतलंय, एवढंच. फौजेत असताना ते चालवायचे तो रसदीचा ट्रक, नदीकाठच्या चिखलात रुतलेला, आत स्टिअरिंगवर बाबा आणि मागून ढकलणारे चार जवान. सगळं पस्तीसपट लहान. म्हणजे ट्रक माझ्या वितीएवढा आणि जवान करंगळीहून थोडा बुटका. (तुम्ही दोघं भावंडं ह्या ट्रकची गोष्ट ऐकतच मोठी झालात, ती मी पुन्हा काय सांगणार! वळणावर धोक्याची पाटी नव्हती, म्हणून गाडी नदीकडे उतरली, आणि दीड दिवस ढकलून बाहेर काढली. ज्याने पाटी लावायची त्याची, म्हणजे भोंग्याची, सुट्टी रद्द झाली आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नाला तो मुकला. इथे बाबा नेहमी पाणी प्यायला उठायचे, असं तुमचे बंधू सांगतात.)

वन्सं, मी अठरा वर्षं पार्लर चालवतेय, त्यामुळे हाताची सफाई म्हणजे काय ते मला कळतं. पण बाबांचा हात पाहिला आणि मी मनातल्या मनात कान पकडले. प्लॅस्टिकचे तीनशेच्या वर तुकडे त्यांनी एकेक कापून, घासून, फुंकर मारून चिकटवले. ताडपत्री केली ती पातळ कागदी रुमाल डिंकाच्या पाण्यात भिजवून, आणि तिला अशा सुरकुत्या पाडल्या की मला ती घडी घालून ठेवावीशी वाटली. जवानांची बुबुळं तर चार केसांच्या ब्रशने काढली. श्वास रोखायचा, छातीच्या दोन ठोक्यांच्या मधे टिंब द्यायचं, की झालं, म्हणाले. (मी करून पाहिलं. माझा जवान चकणा झाला. बाबांनी त्याची टोपी खाली ओढली.) चिखलासाठी प्लॅस्टर, चाळलेली रेती आणि वाळवलेला चहाचा चोथा. तो चोथा बरणीत होता, आणि बरणी कुठे होती हे मी लिहीत नाही. तुमच्या बंधूंनी त्याचा पुन्हा चहा केला आणि आज जरा कडक झालाय म्हणत प्यायलेही.

आता माझा गुन्हा सांगते. ट्रक रंगवून झाला तेव्हा इतका देखणा दिसत होता की त्याची दृष्ट काढावी. आणि मग बाबांनी तो घाण करायला घेतला. तीन आठवडे, वन्सं! धूळ, तेलाचे ओघळ, दाराच्या कडेला उडालेला रंग. गंजासाठी माझी तांबूस आयशॅडोची डबी गेली. माझा सगळा जन्म लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग झाकण्यात गेला, आणि हा माणूस मुद्दाम डाग घालत बसलेला. पण ही घाण मुद्दाम केलेली आहे हे मला कळलं ते नंतर. त्या सकाळी बाबा दवाखान्यात गेले होते, मी घर आवरत होते, आणि टेबलावर हा धुळीने माखलेला ट्रक. मला वाईट वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाने एवढ्या हौसेने केलंय आणि घरात कुणी साधं फडकं मारत नाही. मी कापूस ओला केला आणि टपापासून चाकापर्यंत ट्रक लख्ख पुसून काढला.

मागच्या चाकाखालचा चिखल अजून ओलसर होता, तोही निघून आला. आणि त्याच्याखाली मला एक पाटी दिसली. नखाएवढी, लाकडी, मधोमध मोडलेली. तिच्यावर बारीक काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'धोका. गाड्यांना बंदी'.

बाबा आले. ट्रककडे बघून खुर्चीत बसले. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"छान," ते म्हणाले. "आजच कारखान्यातून आल्यासारखा दिसतोय."

मी माफी मागितली, रडले, आणि रडता रडता विचारलं, "बाबा, पण तिथे पाटी नव्हती ना?"

त्यांनी टेबलावरच्या चिमट्याने ती पाटी सरळ केली. मग म्हणाले, "होती. मला डुलकी लागली. गाडी पाटीवरूनच गेली. डोळे उघडले तेव्हा पाटी चिखलात गडप. साहेबांनी विचारलं, मी म्हटलं, पाटी नव्हतीच."

"मग आता कशाला केलीत? चिखलाखाली कुणाला दिसणार होती?"

"अगं, नटबोल्टसुद्धा मोजून बसवले मी. आणि एवढी एक गोष्ट खोटी ठेवायची? पाटी केली खरी. पण वर ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून वरून चिखल ओतला."

त्यानंतरचे बारा दिवस आम्ही दोघांनी मिळून ट्रक पुन्हा घाण केला. गंज सगळा माझ्या हातचा आहे, स्पंजने टिपून टिपून. बाबा म्हणाले, तुझा गंज माझ्यापेक्षा बरा. (मला लग्नात एवढे कौतुकाचे शब्द कुणी बोललं नव्हतं. तुम्हीही नाही, पण ते जाऊ दे.) चिखल मात्र बाबांनी ह्या वेळी पाटीच्या अलीकडेच थांबवला. ती उघडी राहिली. आणि त्याच दिवशी त्यांनी भोंग्याला फोन केला. वाचनालयाच्या हॉलमध्ये मॉडेलांचं प्रदर्शन आणि स्पर्धा आहे, ये, म्हणून.

टॅक्सीत मॉडेल माझ्या मांडीवर होतं. ड्रायव्हरने आत काय आहे विचारलं. चिखल आहे म्हटल्यावर पुढचा सगळा रस्ता तो बैलगाडीच्या वेगाने गेला. हॉलमध्ये रणगाडे होते, विमानं होती, एक अख्खी पाणबुडी होती. आपल्या रुतलेल्या ट्रकसमोर मात्र लोक वाकून बघत होते आणि नकळत पाय उचलून आपले बूट तपासत होते.

दुपारी भोंग्या आले. आवाजावरून नाव पडलेलं, पण त्या दिवशी आवाजच नव्हता. काठी टेबलाला टेकवली, चष्मा पुसला आणि वाकले.

"माझं पोट एवढं नव्हतं," ढकलणाऱ्यांतल्या जाड्या जवानाकडे बोट करून ते म्हणाले.

"होतं," बाबा म्हणाले.

मग त्यांची नजर चाकाशी गेली. वन्सं, बाबा अगदी सावधान उभे होते, हात मांडीला चिकटवून. पाटीवरची अक्षरं भोंग्यांनी पुटपुटत वाचली. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं मी स्वतःलाच विचारत होतो, ती पाटी मी चुकून पुढच्या वळणावर तर ठोकली नाही ना?"

"नाही. बरोबर ठोकली होतीस. चूक माझी. खोटंही मीच बोललो."

भोंग्यांनी चष्मा नाकावर नीट चढवला. पुन्हा वाकले. म्हणाले, "'धोका' मी लाल रंगात लिहिलं होतं. तू काळा का वापरलास?"

बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला. पर्समध्ये लाल नेलपॉलिश होतं, पिन होती. तिथेच, भर हॉलमध्ये, सत्तरी उलटलेल्या माणसाने पिनेच्या टोकाने ते दोन अक्षरांचं 'धोका' लाल केलं, आणि दुसऱ्या सत्तरी उलटलेल्या माणसाने टेबल हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेवढ्यात परीक्षक आले. परीक्षण सुरू झाल्यावर मॉडेलला हात लावायचा नाही असा नियम आहे म्हणे. बाबांना बाद केलं. दोघंही इतके हसले, की शेवटी पाणबुडीवाल्याने आम्हाला बाहेर जायची विनंती केली. बहिणीच्या लग्नाचा विषय दोघांनी काढला तो बाहेर, बाकावर बसून. मी मॉडेल घेऊन लांब उभी राहिले, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. भोंग्यांनी एकदा बाबांच्या पाठीत गुद्दा घातला, तेवढं दिसलं.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमची,
वहिनी

ता. क. बाबा ही गोष्ट तुम्हाला स्वतः सांगणार आहेत. चार दिवस आरशासमोर तयारी चाललीय. तेव्हा कृपा करून ह्या पत्रात ती गोष्ट नाहीच असा चेहरा करा आणि मधे पाणी आणायला उठू नका.

ता. क. २. तुमची पाहुण्यांची खोली रिकामी करून ठेवा असं लिहिणार होते. दोघांना मिळून नदीवरचा पूल करायचा आहे, लांबी सव्वा मीटर, आणि आमच्याकडे तेवढी जागा नाही. पण आता कळवायला वेळ उरला नाही, कारण हे पत्र मी पोस्टात न टाकता बाबांच्याच हाती देतेय. (पाकीट त्यांनी त्यांच्या गोंदाने चिकटवलंय, तुम्हाला कात्री लागली असेल.) म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ते आणि भोंग्या तुमच्या दारात उभे आहेत. त्यांच्यासोबतच्या पुलाच्या सामानाच्या खोक्यांना धक्का लावू नका. आधी ती आत घ्या. त्याशिवाय दोघांपैकी एकही आत यायचा नाही.