प्रज्ञाच्या आकृत्या

केळापूर, मंगळवार

डोकं फिरलं माझं. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर आली आणि आमची प्रज्ञा सरावात, आरशात कशा दिसतील ते ओळखायच्या आकृत्या रोज चुकवते. आज कापूस वेचून घरी आले, तर ती अंगणात शेजारच्या रेणूला त्याच आकृत्या शिकवून राह्यली होती. सगळ्या बरोबर!

"मंग माह्यासमोर काहून चुकवतं वं?"

"पास झाली त तुले सोडून जा लागन ना, आई."

म्हणजे हिची तयारी करून घ्या म्हणून मी मास्तरांच्या विनवण्या करायच्या आणि हिनं मुद्दाम नापास व्हायचं? खूप रागावले. ती रडली नाही. पुस्तक घेऊन बसली, सगळ्या आकृत्या बरोबर सोडवल्या आणि माझ्याकडे न बघता वही पुढं सरकवली.

हेच तर पाहिजे होतं मला. मग घास का उतरत नाही?