चिंध्या काढून क्रेट आत घ्यावेत

३ मे, शनि.
पुण्याची कंपनी आमच्या आंबा-पल्पच्या कारखान्याला नवीन सिस्टिम विकायला येतेय. म्हणून मालक, आप्पा, म्हणाले, तुझं इथे काय काय आहे ते लिहून दे. दिलं.
गेटवरचा नोंदीचा प्रोग्राम. काट्यावरचं वजन थेट त्यात उतरवणारी वायर. प्रत्येक क्रेटचं कार्ड. कुठला क्रेट कधी पिकेल त्याचा तक्ता. पल्पच्या डब्यावरच्या नंबरावरून बागवाल्याच्या नावापर्यंत मागे जाणारा शोध. दमट हवा लागू नये म्हणून कॉम्प्युटरला फणसाच्या लाकडाची पेटी, आत बल्ब. गेटवरची पाटी, 'चिंध्या काढून क्रेट आत घ्यावेत', अक्षरं माझीच.
अकरा सीझन. शिक्षण: बारावी नापास. तेही लिहिलं, कुणी विचारायच्या आत.

५ मे, सोम.
सीझनचा पहिला लॉट खरेदीदाराने परत पाठवला. पल्प आंबट, रंग फिका. म्हणजे कोवळी फळं गेली. आप्पा माझ्या खुर्चीमागे उभे. नंबर टाकला, अर्ध्या मिनिटात नाव आलं.
पावस गावचे बापू. एक गाडी, ६६ क्रेट.
बापूंचा आंबा चौदा आणे तयार झाल्याशिवाय झाडावरून उतरत नाही, हे अख्ख्या पावसला ठाऊक. आ. म्हणाले, "मला खरेदीदाराला एक नाव द्यायचंय. मिळालं." बापूंच्या नावापुढे 'माल बंद' मीच टाकलं.

६ मे, मंगळ.
बापूंचा टेम्पो गेटवरून परत. ते मात्र माझ्या खिडकीशी आले.
"अरे सुधा, चाळीस वर्षं आंबा काढतोय मी. माझा आंबा कोवळा?"
"मी नाही म्हणत, बापू. रेकॉर्ड म्हणतं."
"मग रेकॉर्डलाच चढव झाडावर."
वॉचमन हसला. मी नाही. बाग भरलेली, आठ दिवसांत फळ गळायला लागेल. दुसरा कारखाना आता मध्येच नवा माल घेत नाही, हे त्यांना माहीत आणि मलाही.
संध्याकाळपर्यंत प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. तीनदा. चूक नाही.

८ मे, गुरु.
पुण्याच्या कंपनीचे देशपांडे आले. कपडे कडक, बोलणं मऊ. फणसाच्या पेटीचा फोटो काढला. "बारावी? कमाल आहे." त्यांचं कमाल म्हणणं आवडलं नाही.
त्यांना प्रोग्राम हवाय. दाखवायला नव्हे, विकत. आणखी कारखान्यांत बसवणार. वर मी सल्लागार. अट एकच: अकरा सीझनच्या नोंदी बरोबर आहेत असं सहीचं पत्र, कारण जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये जाणार. आकडा कागदावर लिहून उलटा सरकवला.
हिला सांगितलं. म्हणाली, "सही तर करायचीय. हात दुखतो का?"

९ मे, शुक्र.
सुलभा गेटवर नोंदी घेते, नऊ वर्षं. जेवणाच्या सुट्टीत दारात उभी.
"भाऊ, रागवू नका हां. ते सगळे क्रेट बापूंचे नव्हते."
पावस गावात कुणाची काढणी थोडी असली की क्रेट शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवतात. रिकामे क्रेट आपापल्या घरी परत जावेत म्हणून प्रत्येक घर आपल्या रंगाची चिंधी बांधतं. चिंध्या काट्याच्या रोलरमध्ये अडकायच्या, म्हणून मी पाटी लावली. चिंध्या काढल्या की सगळे क्रेट सारखे.
"मग नाव कुणाचं टाकायचीस?"
"गाडीवाल्याचं. तुमच्या पडद्यावर एका गाडीला एकच नाव बसतं."
"मला सांगायचं होतंस."
"पहिल्या वर्षी सांगितलेलं. तुम्ही म्हणालात, पाटी वाच."
आठवत नाही. पण म्हणालो असेन.
तिने वही पुढे केली. रिकामे परत करताना गोंधळ नको म्हणून ठेवलेली. त्या दिवशीचं पान: पांढरी ३०, पिवळी २२, हिरवी १४. हिरवीपुढे पेन्सिलने, 'कोवळे वाटतात'.
पांढरी बापूंची.

११ मे, रवि.
पावसला गेलो. बापूंनी पाणी दिलं, चहा नाही.
"तुम्ही का बोलला नाहीत?"
"काय बोलू? शेजारी आहे. आज त्याचे क्रेट माझ्या गाडीत, उद्या मला त्याच्या खांद्यावर जायचंय."
हिरवी चिंधी कुणाची ते विचारलं नाही. सुलभाला माहीत आहे. तिलाही विचारलेलं नाही.
निघताना त्यांच्या अंगणात बघितलं, पायाखाली आंबे. गळायला लागलेत.

१२ मे, सोम.
आ. ना वही दाखवली. म्हटलं, प्रोग्राम चुकलाय. मोजणीत नाही, विचारण्यात. फक्त ही गाडी नव्हे. पावसहून आलेल्या कुठल्याही गाडीचं नाव खात्रीचं नाही.
त्यांनी पान उलटून मागचंही पाहिलं. "मग अकरा वर्षं मी लोकांना काय सांगत होतो?"
मग त्यांनीच 'हिरवी १४' वर बोट ठेवलं.
"हिरवी कुणाची?"
"माहीत नाही."
"सुलभाला बोलाव."
"ती सुट्टीवर आहे." नव्हती. काट्याजवळच होती.
'माल बंद' काढू का, विचारलं. "बघू." बघू म्हणजे काय, ते अकरा वर्षांत कळलेलं नाही.

१४ मे, बुध.
सकाळी पाटी उतरवली. रोलरवर पत्रा ठोकला, आता चिंधी अडकत नाही. दीड तासाचं काम. पडद्यावर एका गाडीखाली पाच नावांची सोय करायला घेतली, त्याला दोन दिवस लागतील.
'माल बंद' अजून तसंच. बापूंचा टेम्पो आला नाही.
दुपारी देशपांड्यांचा फोन. त्यांना सांगितलं, नोंदी बरोबर नाहीत. ते म्हणाले, "तेवढं चालतं हो. कुणी मागे जाऊन बघत नाही." म्हटलं, मागे जाऊन बघायलाच तर बनवलाय.
पत्रावर सही केली नाही. प्रोग्राम दिला नाही. सल्लागाराचं नको म्हटलं. आप्पांना अजून सांगितलेलं नाही, हिलाही नाही. कागद कॉम्प्युटरच्या पेटीत, बल्बखाली ठेवलाय. त्यावरचा आकडा: अठरा लाख.