परीक्षेपुरतं कलम

डिंडोली, सुरत
१६ डिसेंबर १९९८

भाऊ,

तुला आणि वहिनीला नमस्कार. परतताना गाडीत बसायला जागा मिळाली का? वहिनीचा गुडघा आखडला असेल, तिला शेक घ्यायला सांग. इथे थंडीचं नाव नाही; डिसेंबरात पंखा लावतो म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. तुझ्या कुंदनची सचिन वसाहतीतल्या कारखान्यात पाळी बदलली, आता सकाळची आहे. कालच भरीत केलं होतं, पोटभर जेवला.

रविवारी कुंदनची सुपारी फुटली ते तू गावात सगळ्यांना सांगितलंच असशील. आणि आता अखजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, लग्नाचा बार उडवायचा, हेही. भाऊ, त्याबद्दलच लिहायचंय, पण हात पुढे सरकत नाही. शाळेपासून सुरुवात करते.

यंदा मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली. वरून परिपत्रक आलं, नि नववीला ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला आवडलंही. आमच्या शाळेतली मुलं लूमवर राबणाऱ्यांची. सुट्टी, मजुरी, शाळा हे माणसाचे हक्क आहेत म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून ऐकत होती. सोळावं कलम लग्नाचं. मुलगा नि मुलगी दोघांची पूर्ण, राजीखुशीची संमती असल्याशिवाय लग्न नाही. ते मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

हर्षदा उठली. तुझी होणारी सून. म्हणाली, "बाई, सगळ्या देशांनी मान्य केलं, पण मांडवात सांगायला कोण येतं?"

काय गोड प्रश्न, म्हणून मी खूश! सांगितलं, जाहीरनामा म्हणजे जगाने दिलेला शब्द. त्यावरून देशादेशांत करार होतात, त्यावर सही केली की देश बांधला जातो. मग देशाचा कायदा, पोलीस, कोर्ट. आणि मुलीला अठरा पूर्ण हवीत हा कायदा तर आपल्याकडे आहेच. "पण त्याच्याही आधी," मी म्हणाले, "ज्याला माहीत आहे त्याने मांडवात तोंड उघडायचं." भाऊ, हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने.

आता रविवारचं. ती पाटावर बसली होती, मी तिच्या पदराशी. तू लांब पंचांत होतास. सुपारी फुटायच्या आधी तिने माझा हात धरला नि सगळ्या बायकांत स्पष्ट म्हणाली, "बाई, सांगा ना यांना. सोळावं कलम." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी हसले. म्हणाले, "अगं वेडे, ते परीक्षेपुरतं असतं." बायका खो खो हसल्या. तू तिकडून विचारलंस, काय झालं गं? मी म्हणाले, काही नाही, पोर लाजतेय.

ती लाजत नव्हती रे. तिने माझा हात सोडला, तो कसा सोडला ते मला अजून जाणवतंय.

सोमवारी शाळेत आली, हातभर हिरव्या बांगड्या. मी उजळणी घेत होते. सोळावं कलम कोण सांगेल? कुणीच हात वर करेना. मग तीच उठली. "बाई, ते परीक्षेपुरतं असतं." वर्ग हसला नाही. कालपासून तिचा बाक रिकामा आहे.

भाऊ, तिला अठरा पूर्ण झालीत असं मी तुला सांगितलं होतं. नववीतली पोर अठराची कशी असेल, हे तुझ्याही डोक्यात आलं असेल, पण बहीण मास्तरीण आहे, ती खोटं कशाला बोलेल, असं तू धरून चाललास. तिला पंधरा आहेत. इतकी हुशार पोर आपल्याच घरात यावी, हा माझा लोभ. तिला पुढे शिकवू, असं मी स्वतःला समजावत होते. तिला मात्र विचारलं नाही. कुंदनलाही नाही. काल त्याला विचारलं तर ताटात बघत म्हणाला, "आत्या, मी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का?"

संध्याकाळी तिच्या आईकडे, शोभाबाईंकडे जाऊन आले. सोयरीक मोडा म्हटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "बाई, तुम्हीच स्थळ आणलं. आम्ही मोडलं तर जातीत पोरीला कोण विचारेल? आते काय करानं, बाई?" घोटभर चहा घेऊन मी उठले.

म्हणून तुझ्याकडे पदर पसरते. मोडायचं ते तुझ्याकडून मोड. पोरीत खोट काढू नकोस. पंचांना सांग, मध्यस्थाने वय खोटं सांगितलं, आमची फसवणूक झाली. मध्यस्थाचं नावही सांग. लोक मला नावं ठेवतील, ठेवू देत. ते खरंच आहे.

तू शाळा सोडून शेतात राबलास म्हणून मी डी.एड. झाले. ते विसरले नाही, म्हणूनच पुढचं वाक्य लिहिताना रडू येतंय. तू मोडलं नाहीस तर पोलिसांत अर्ज मी देईन, नवऱ्यामुलाच्या आत्याच्या सहीने. मग तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल.

तुझं उत्तर काहीही येवो, उद्या सकाळी मी हर्षदाला शाळेत न्यायला तिच्या दारात जाणार आहे. ती माझा हात धरेल की नाही, माहीत नाही.

तुझी धाकटी बहीण,
पण आधी हर्षदाची बाई,
उज्ज्वला