यमाईचं नाव

पासिर रिस, शुक्रवार, ऑक्टोबर २००६

भीती वाटतेय. उद्या इथल्या मराठी मंडळात आम्हा भावंडांच्या बँडचा पहिला कार्यक्रम. मी गाणार, धाकटा निनाद ड्रमवर. आजोबा घालायचे तोच गोंधळ, फक्त गिटार आणि ड्रमवर बसवलेला. गोंधळात आधी एकेका देवीला नाव घेऊन बोलवायचं असतं. गाणं लांबतंय म्हणून निनादनं काही नावं गाळली. “नोबडी विल नो, लाह,” तो नेहमीसारखा इथल्या इंग्रजीत म्हणाला. मीही मान डोलावली.

आज तालीम ऐकून बाबा एवढंच म्हणाले, “आपल्या गावची यमाई राहिली.”

यमाई. मी तर देव मानत नाही, मग ते नाव सारखं का आठवतंय?

निनादला म्हटलं, तिचं नाव परत घालू. त्यानं ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या. मग चक्क मराठीत म्हणाला, “ताई, आता बोलावलं आणि ती खरंच आली तर?”