बत्तीस पानं, बत्तीस शॉर्टकट

शनिवार, ४ मार्च. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण एवढं मोठं काम कसं पार पडलं, त्याची नोंद असावी.

काम असं. बापांच्या, म्हणजे वडिलांच्या, गुरूंच्या घरची वैद्यकीची पोथी. ताडपत्रं, पानं बत्तीस. न्येपीपर्यंत, म्हणजे २२ तारखेच्या मौनाच्या नववर्षापर्यंत, आपल्या घरी, मग परत द्यायची. ती जुनी भाषा आता गावात फक्त बापांना उलगडते. आणि बापांना काचबिंदू. सकाळी आठ ते दहा ओसरीवर ऊन असतं तेवढा वेळ त्यांना अक्षर दिसतं, नंतर नाही. न्येपी झाली की थोरला भाऊ गेदे त्यांना कायमचं समुद्रापलीकडे मातारामला नेणार, कारण डोळ्यांचा मोठा दवाखाना तिकडे. म्हणजे बापा वाचून आजच्या बोलीत सांगणार, मी टाइप करणार. उद्यापासून सतरा सकाळी, रोज दोन पानं. एक सकाळ उरते.

अडचण एकच. माऊस. काल मोबाइलवर वेळ लावून मोजलं. कीबोर्डवरून माऊसकडे हात न्यायला आणि परत आणायला दोन सेकंद. दिवसाला तीनशे वेळा. म्हणजे दहा मिनिटं रोज पाण्यात! सतरा दिवसांत जवळजवळ तीन तास.

म्हणून निर्णय: लॅपटॉपवरची नेहमीची डेस्कटॉप यंत्रणा काढून नवा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम. त्यात चिन्हं नाहीत, मेनू नाही. खिडक्या आपोआप शेजारी शेजारी शिस्तीत बसतात आणि सगळं शॉर्टकटवर चालतं. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, ते एका साध्या फाइलमध्ये आपणच लिहायचं. एका संध्याकाळचं काम.

रस्मिनीचं म्हणणं, अहो ब्ली (नवऱ्याला इथे हेच म्हणतात), आजवर टाइप होतच होतं की. बायकोला वेगाचं महत्त्व नाही.

रविवार, ५ मार्च.
विंडो मॅनेजर बसला. स्क्रीन काळी. ती तशीच असते, बिघाड नाही.

टाइप करायचा प्रोग्रॅम उघडायला शॉर्टकट लिहावा लागतो. शॉर्टकट लिहायला फाइल उघडावी लागते. फाइल उघडायलाही शॉर्टकट लागतो. सुटलं हे, पण दुपारी अडीचला.

बापा आठ वाजल्यापासून डोक्याला मुंडासं बांधून ओसरीवर बसले होते, मांडीवर पोथी. दर पंधरा मिनिटांनी मी म्हणत होतो, बापा, एक मिनिट. दहाला ऊन सरकलं. ते म्हणाले, तुझं यंत्र जागं झालं की हाक मार, मी कोंबड्यांना दाणे टाकून येतो.

आजचा दिवस तयारीत धरायचा. तोच एक जास्तीचा होता.

मंगळवार, ७ मार्च.
काल पहिलं पान संपत आलं. लहान मुलांच्या तापाचं. बापा काय सुरेख सांगतात! कापडाची पट्टी किती बोटं रुंद, तीही सांगतात.

शेवटच्या ओळीला मी खिडकी मोठी करण्याचा शॉर्टकट मारला. तो खिडकी बंद करण्याचा होता. दोन्ही मीच लिहिलेले, शेजारशेजारची बटणं. सेव्ह करायचं का, असं हा विंडो मॅनेजर विचारत नाही. मला तो बाणा आवडला होता.

आज पहिलं पान पुन्हा. बापांनी पुन्हा सांगितलं, कुरकुर नाही. फक्त पट्टीची रुंदी या वेळी सांगितली नाही. मीही विचारलं नाही, कारण त्याच वेळी मी दोन्ही बटणं लांब नेऊन ठेवत होतो.

संकल्प: यापुढे डिक्टेशन चालू असताना शॉर्टकटच्या फाइलला हात लावायचा नाही.

बुधवार, ८ मार्च. दुपारी १२.
डिक्टेशन चालू असताना फाइलला हात लावला नाही. शपथेवर सांगतो. तरी झालं.

माऊस ज्या खिडकीवर जाईल ती खिडकी आपोआप जिवंत, क्लिक करायलाच नको, अशी सोय कालच करून ठेवली होती. मोठी सोय. पण बापांचं उपरणं माऊसला लागलं. मी मान खाली घालून टाइप करत होतो. खोकल्याचं सगळं औषध शॉर्टकटच्या फाइलमध्ये गेलं. मग सगळे शॉर्टकट बंद आणि वर लाल पट्टी: ओळ एक्केचाळीस, "सुंठ" ही आज्ञा समजली नाही.

बापांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला सुंठ समजत नसेल तर खोकला झाल्यावर काय घेतो तो? रस्मिनी नारळाच्या झावळ्यांच्या नैवेद्याच्या टोपल्या विणत होती. इतकी हसली की टोपली उसवली. मला हसू आलं नाही. दुसरं पान अर्ध्यावर राहिलं.

लाल पट्टी नुसती दिसून उपयोग नाही, ऐकू आली पाहिजे. चूक झाली की वाडीच्या सभागृहातल्या लाकडी ठोक्याचा आवाज होईल, असं लावलं. मागे आग लागली तेव्हा धडाधड ठोका पडला होता, ते रेकॉर्डिंग मोबाइलवर होतं. आता चूक नजरेतून सुटणं शक्य नाही.

शुक्रवार, १० मार्च.
रस्मिनी म्हणाली, मोबाइलवर आवाज भरून ठेवा ना बापांचा, टाइप मग सावकाश करा. मी समजावलं, म्हणजे तेच काम दोनदा. ती म्हणाली, निदान एकदा तरी होईल. मग म्हणाली, मी वहीत लिहून घेते. मी म्हटलं, आपण कुठल्या काळात आहोत? ती पुन्हा टोपल्या विणायला बसली. पटलं असावं.

आज डिक्टेशन पाऊण तास. उरलेल्या वेळात ठोका सात वेळा वाजला. आवाज फार उत्तम लागला आहे.

सोमवार, १३ मार्च.
मोठी सुधारणा. माऊसच्या बाजूला दोन जास्तीची बटणं आहेत, हे पाच वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. एकाला मागचं पान दिलं, एकाला पुढचं. (माऊस काढूनच टाकायचा होता हे खरं. पण ज्याला माऊस नको आहे त्याच्याकडेही नीट लावलेला माऊस हवा.)

मागचं पुढे जातं आणि पुढचं मागे. बाणसुद्धा वर नेला की खाली येतो. मग कळलं, माऊस मीच उलटा धरला होता.

एकूण झालेली पानं: तीन.

बुधवार, १५ मार्च.
बापा आज चौथ्या पानावर अडखळले. पान उन्हाकडे नेलं, मग डोळ्यांजवळ, मग पुन्हा लांब. म्हणाले, ही ओळ काल इथे होती. रस्मिनीने हातातलं काम टाकलं आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मीही घाबरलो. काल मी त्यांना नऊपर्यंत थांबवलं होतं, कारण आवाज कमीजास्त करायची बटणं लावत होतो. ती आता लागली आहेत. तपासायची राहिली.

ओळ त्यांना शेवटी सापडली. चौथं पान झालं. बापांना मी म्हटलं, आता वेग येणार. ते म्हणाले, कोणाला?

शुक्रवार, १७ मार्च.
शांतपणे हिशेब मांडला. पाच पानं झाली, सत्तावीस राहिली. उद्यापासून धरून चार सकाळी उरल्या. रोज सात पानं. अवघड वाटेल त्याला वाटो. माझ्या मते आता फक्त एकच गोष्ट आडवी येते आहे, ती म्हणजे पान उघडायला लागणारा वेळ.

उपाय सुचला आणि अंगावर काटा आला. प्रत्येक पानाला स्वतःचा शॉर्टकट! बत्तीस पानं, बत्तीस शॉर्टकट. बोट पडलं की ते पान समोर, वर मथळा तयार. हे एकदा झालं की कुठलंही पान पापणी लवायच्या आत.

रविवार, १९ मार्च.
काल आणि आज बत्तीस शॉर्टकट. मधे मूर्ती समुद्रावर नेण्याची मिरवणूक. मी गेलो नाही. रस्मिनी म्हणाली, सगळी वाडी विचारत होती, काय सांगू? मी म्हटलं, सांग, बापांच्या पोथीचं काम चालू आहे.

कीबोर्डवर बटणं कमी पडली. दोन-दोन, मग तीन-तीन बटणं एकदम दाबावी लागतात. अठ्ठाविसाव्या पानाला हनुवटी वापरली तर जमतं.

डिक्टेशन दोन्ही दिवस नाही. बापा आपणहून ओसरीवर आले, तासभर पोथी उघडी ठेवून बसले आणि मनाशी वाचत होते. ओठ हलत होते. किती शांत माणूस!

मंगळवार, २१ मार्च.
काल पान बिन काही नाही. बटणांची भांडणं सोडवत होतो. आज थोरला आला. उद्या न्येपीला बंदर बंद म्हणून आधीच. आल्या आल्या विचारलं, झालं का रे? मी म्हटलं, यंत्रणा पूर्ण झाली, मजकूर भरायचा आहे. तो म्हणाला, म्हणजे घर बांधलंस, माणसं बोलवायची राहिली. थोरल्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.

सहावं पान अर्धं. बापांना तेवढंच दिसलं.

हिशेबाबाहेरची एक सकाळ मिळाली: परवा आठ ते दहा शेवटची बैठक. बारा वाजता ते निघणार. गुरूंच्या घरचे पोथी न्यायला अकराला येणार. दोन तासांत साडेसव्वीस पानं. यंत्रणा बिनचूक असेल तर अशक्य नाही.

बुधवार, २२ मार्च. न्येपी.
आज दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर पाऊल नाही. इंटरनेटही बंद. बेटभर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. काम करायचं नाही, असा नियम. शॉर्टकट तपासणं हे काम नाही, तयारी आहे. दुपारी तीन वाजता मागच्या खोलीत दार लावून, लॅपटॉपवर पांघरूण घेऊन बसलो.

नवव्या पानाच्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त होता.

ठोका सुरू झाला. धडाधड, आगीचा. आवाज कमी करायचं बटण दाबलं. वाढला! ती दोन्ही बटणं मी उलटी लावली होती, हे तेव्हा कळलं. कळून काय उपयोग, बोट घाबरून तेच बटण दाबत होतं. आवाज बंद करायचं बटण मी चौदाव्या पानाला देऊन टाकलं होतं. चौदावं पान मात्र चटकन उघडलं. लॅपटॉपवर उशी टाकली. उशीवर बसलो. रस्मिनी आत आली, मला ढकललं, पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मनात काहीतरी मोजत उभी राहिली. आवाज थांबला.

तोवर गल्लीतली सगळी माणसं आपापल्या दारात येऊन धूर शोधत होती. वर्षातून एकदा, बोलायचंही नाही अशा दिवशी. वाडीचे राखणदार पाक लानुस काठी घेऊन दारात उभे. ते ओरडले नाहीत, ओरडायला बंदी आहे. कुजबुजत म्हणाले, कादेक, आग कुठे आहे? मी कुजबुजत म्हटलं, ओळ बारामध्ये. त्यांनी कुजबुजत असं काही ऐकवलं की ते इथे लिहीत नाही. उद्या सकाळी आठला सभागृहात सगळ्या वाडीपुढे हजर राहायचं.

आठला.

मी विचारलं, दहानंतर चालेल का? ते निघून गेले होते.

गुरुवार, २३ मार्च. सकाळी १०.४०.
सभागृहात माफी मागितली. उभ्याने. मग आवार झाडायला लावलं. प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं. एक आजी म्हणाल्या, माझं हृदय अजून धडधडतंय, हात लावून बघ. पाक लानुस म्हणाले, बापांसारख्या माणसाच्या घरात हे? तेवढं एकच लागलं. मी सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो आणि ते त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं.

धावत घरी आलो. ऊन ओसरीवरून उतरलं होतं. बापा पोथीला दोरी गुंडाळत होते. मी म्हटलं, बापा, एक मिनिट. त्यांनी गाठ मारली.

दुपारी २.
गेले.

पोथी अकराला गेली. बापा बाराला. मधल्या तासात मी त्यांना यंत्रणा दाखवली. कारण एवढे दिवस ते त्यासाठी थांबले होते, त्यांना बघायला मिळायला हवं होतं. थोरला दारात गाडी चालू ठेवून उभा होता. बापा म्हणाले, थांब रे जरा, धाकट्याचं बघतो. खुर्चीत बसले. मी म्हटलं, कुठलंही पान सांगा. ते म्हणाले, एकविसावं, बाळंतिणीचं आहे, त्यातलं कुठेच दुसरीकडे लिहिलेलं नाही. मी त्यांची तीन बोटं तीन बटणांवर ठेवली. बोटं थंड होती. त्यांनी दाबलं.

पान उघडलं. खरोखर पापणी लवायच्या आत. मथळा मधोमध, ठळक अक्षरात: पान एकविसावं. एकही चूक नाही, ठोका नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं जसं हवं होतं तसं झालं. बापा पुढे वाकले, नाक स्क्रीनला लागेपर्यंत. बराच वेळ तसेच होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, लगेच उघडलं रे.

मला फार बरं वाटलं. त्यांच्या तोंडून कौतुक सहसा येत नाही.

मथळ्याखाली पान कोरं होतं, ते त्यांना दिसलं नसावं. डोळे फार गेले आहेत त्यांचे. मी रस्मिनीला तसं म्हटलंही. ती ओसरीवरची त्यांची चटई गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, दिसलं त्यांना.