एका दुपारपुरता

आई, तुला जाऊन खूप वर्षं झाली, आणि त्या बाळाविषयी बोलायला माझ्याकडे दुसरं कुणी उरलेलं नाही.

मला पाचवा महिना होता. उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून हळूच सांगितलं, "बेटा, बच्चे की खोपडी नहीं बनी है. पैदा होके भी बचेगा नहीं. अभी निकाल सकते हैं." ह्यांनी तिथंच मान डोलावली. मी बेलवलीला घरी न जाता अंबरनाथला तुझ्याकडे आले. तू भाकरी थापत होतीस. सगळं ऐकलंस, तवा उतरवलास आणि म्हणालीस, "जीव देवानं घातलाय. किती दिवस ठेवायचा ते त्यानं ठरवावं. आपण मारायचा नाही."

"आणि मी कशी जगू?"

"मी आहे ना," तू म्हणालीस.

मी तुझ्याकडेच राहिले. तू जीन्सच्या कारखान्यातून दमून यायचीस, तरी माझे पाय चेपायचीस. पोटाकडे बघून बायका "मुलगाच होणार" म्हणायच्या, मी हसायचे. बाळानं लाथ मारली की आनंद व्हायचा, आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटायची. तू फ्लॅनेलचं टोपडं शिवलंस, भुवयांपर्यंत येईल असं.

तो जन्मला. रडला नाही, पण श्वास घेत होता. फादर येईपर्यंत तू थांबली नाहीस. वाटीतल्या पाण्यानं तूच त्याचा बाप्तिस्मा केलास. अजून दिसतं मला. टोपडं घातलेला तो माझ्या छातीवर आहे, त्याची मूठ माझ्या बोटाभोवती आहे. हे दाराशी उभे आहेत, आत येत नाहीत. ऊन भिंतीवर सरकतं, तोवर तो गार झालेला असतो. "माणूस म्हणून आला, माणूस म्हणून गेला," तू म्हणतेस.

पुढच्याच वर्षी तू गेलीस. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. हे त्याच्याविषयी कधी बोलले नाहीत, मग माझ्याशीच बोलेनासे झाले. फादर सांगतात, प्रत्येक जीव मोलाचा. मी ऐकते. तू चुकलीस असं म्हणवत नाही, आणि बरोबर होतीस असंही म्हणवत नाही. दफनभूमीत जाते, गवत उपटते, प्रार्थना न करताच घरी येते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. आता मी शिरगावात राहते; इथल्या नव्या शेजारणीनं परवा विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" तू असतीस तर न अडखळता "एक" म्हणाली असतीस. मी म्हटलं, "नाही झालं."